पायी जाता येईल असं घर

हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत जी बाई काम करायची, तिला सगळे प्लास्टरताई म्हणत. पुढेपुढे नुसतंच ताई. तिच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरही ताईच म्हणत, आणि हात मोडून आलेले म्हातारेही. तिच्या कामात आधी जीभ चालायची, मागून हात. "अहो, मनगट कुठे विसरून आलात? हे तर भलत्याच वाटेला लागलंय," असं काहीबाही बोलत ती कापूस गुंडाळायला घ्यायची, आणि माणूस कण्हायचं सोडून हसायला लागेपर्यंत ओली पट्टी बसलेलीही असायची. घाबरलेल्या माणसाला हसतं कसं करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः घाबरली, तेव्हा मात्र यातलं काहीएक उपयोगी पडलं नाही.

झालं असं, की दवाखान्याने दूरच्या एका भागात मोठं रुग्णालय बांधलं आणि तिथल्या प्लास्टरच्या खोलीची प्रमुख म्हणून ताईची बदली झाली. बढतीच होती. नवरा खूश झाला. तो घरी बसून संगणकावर लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढायचा, त्याला गाव कुठलंही चाललं असतं. "मला काय, एक खुर्ची आणि वीज मिळाली की झालं," तो म्हणाला. त्यांना एक मुलगी, बारा-तेरा वर्षांची. घरभर गरगरत असायची म्हणून तिला भिंगरी म्हणत. शाळा बदलायची म्हणून ती दोन दिवस रुसली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या नव्या खोलीला कुठला रंग द्यायचा यावर बापाशी भांडू लागली.

सुट्टीच्या दिवशी तिघं गाडी काढून घर बघायला निघाली. बघायच्या जागा दोन होत्या. एक, महामार्गाला लागून झालेली नवी वसाहत. रुंद रस्ते, प्रत्येक इमारतीखाली गाडी ठेवायची सोय, लिफ्ट, आणि रुग्णालयाची बस दारात. ताईच्या बरोबरीच्या सगळ्यांनी तिथेच घरं घेतली होती. दुसरं एक जुनं छोटं गाव होतं, नदीच्या पलीकडे. रुग्णालयातून पायपूल ओलांडला की गावात. दगडी गल्ल्या, पायऱ्या, कमानी. आत गाडी जातच नाही. ते बघायला नवरा राजी नव्हता. "वाटेवर आहे म्हणून बघू," एवढंच म्हणाला.

नवऱ्याची कंबर धरली होती म्हणून गाडी ताई चालवत होती. वसाहतीच्या वळणावर भिंगरी मागून किंचाळली, "आई!" ताईचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा गाडीच्या नाकाला टेकून एक माणूस उभा होता. रोपांच्या कुंड्यांनी भरलेली हातगाडी ढकलत तो डावीकडून आला होता. दोन कुंड्या खाली पडून फुटल्या होत्या. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता ताईच्या तोंडाकडे बघत राहिला.

"अगं, केवढा माणूस! हातगाडीसकट!" नवरा म्हणाला. "दिसला नाही तुला?"

"ऊन आलं डोळ्यांवर," ताई म्हणाली.

ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. नवऱ्याच्या ते ध्यानात आलं नाही, भिंगरीच्या तर नाहीच. ताईच्या आलं. पाठ भरून आली असं सांगून तिने गाडी नवऱ्याकडे दिली आणि बाजूच्या सीटवर बसून राहिली. वसाहतीतली घरं तिने बघितली म्हणजे फक्त दारातून आत गेली आणि बाहेर आली. तिला दिसत होते ते अण्णा.

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांनी मोठ्या हौसेने गावाबाहेर मोकळ्या जागेवर बंगला बांधला होता. पन्नाशीत त्यांची नजर दोन्ही बाजूंनी मिटत आली, कुणी हळूहळू पडदे ओढत आणावेत तशी. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. मग समोरचंही बांगडीएवढं राहिलं, मग बटणाएवढं. त्या बंगल्यापासून चालत जावं असं काही नव्हतंच. दुकान नाही, शेजार नाही, रस्त्याला कडेने चालायला जागा नाही. आयुष्यभर ताडताड चालणारा माणूस दारातल्या खुर्चीत बसला, आणि दिवसभर एकच विचारायचा, "कुणी निघालंय का बाहेर?" केस कापायचे असले तरी तेच, नुसती हवा खायची असली तरी तेच. घरच्यांना त्या वाक्याचा कंटाळा यायला लागला. ताईलाही यायचा. अण्णा डोळ्यांमुळे गेले नाहीत, त्या खुर्चीमुळे गेले, असं तिला आजही वाटतं.

गेले कित्येक महिने तिला कपाटाचे कोपरे लागत होते, हाताशी ठेवलेला पेला कोपराने कलंडत होता. "वेंधळीच आहे मी," असं म्हणून ती स्वतःच हसायची. त्या हातगाडीनंतर मात्र हसणं संपलं.

घरी परतल्यावर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कुणी ओळखीचं भेटणार नाही अशा ठिकाणी, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिची हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि हातात कळ दिली. "समोर बघत राहा. कडेला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की दाबा." ताईने पाच-सहा ठिपके टिपले. मग काहीच येईना. यंत्र आत गुणगुणत होतं, म्हणजे ठिपके चमकत होते. तिला दिसत नव्हते. चाचणी संपली तरी ती कळ धरूनच बसली होती.

"घरात कुणाला होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वडिलांना."

"गाडी आजपासून बंद."

"किती दिवस आहेत माझ्याकडे?"

"दिवस कसले, वर्षं म्हणा. कुणाची वीस निघतात, कुणाची पाच. खरंच सांगता येत नाही." ताई उठली, दारापर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही," ताई म्हणाली आणि बाहेर पडली.

रस्त्यावर येऊन ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. ते एवढंसं 'नाही' तोंडातून कसं निघालं, तिचं तिलाच कळेना. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तो ऐकायची तिची छाती नव्हती.

त्या दिवसापासून तिने नदीकाठच्या गावाचा हट्ट धरला.

"गाडी कुठे ठेवायची? डोक्यावर?" नवऱ्याने विचारलं.

"वेशीबाहेर जागा आहे ना गाड्यांना."

"अगं, ते गाव फोटो काढायला छान आहे. राहायला? सामान चढवताना माणसं शिव्या घालतील. भिंती ओल्या. आणि तुझे सगळे लोक वसाहतीत राहणार."

"दिवसभर त्यांचीच तोंडं बघायची, आणि संध्याकाळी पुन्हा तीच? मला चालायचंय रे. पाव आणायला चालत, कामाला चालत, भिंगरीच्या शाळेत चालत. उठसूट गाडी काढायची नाही मला."

"हे नवीनच. परवापर्यंत कोपऱ्यावर दूध आणायलाही किल्ली शोधायचीस."

खरं सांगितलं असतं तर नवऱ्याने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं असतं. वसाहतीत घर घेतलं असतं, लिफ्टचं, बिनपायऱ्यांचं, आणि म्हणाला असता, तू काही काळजी करू नकोस, मी आहे ना न्यायला-आणायला. त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

नवऱ्याने शेवटी मान तुकवली, कारण लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने असा हट्ट कधी धरला नव्हता. दलालाने गावातलं एक घर दाखवलं. पहिल्या मजल्यावर, खाली पावाची भट्टी, समोर पाण्याचं कारंजं. जिन्याला जाड लाकडी कठडा होता. "ताई, डोळे झाकून घ्या हे घर!" दलाल म्हणाला. मग नवरा आणि दलाल गच्चीत ओल बघायला गेले तेव्हा तिने खरोखर डोळे झाकले, कठड्यावर हात ठेवला आणि जिना उतरून पुन्हा चढून आली. पडली नाही. तिने घर घ्यायचं ठरवलं.

नवी बाई गावाच्या प्रेमात पडलीय, असं गाव बोलू लागलं. लोकांना तसं वाटण्यासारखंच होतं. काम सुटलं की ती सरळ घरी येत नसे, रोज वेगळ्या गल्लीने यायची. भिंतींवरून हात फिरवायची. कल्हईवाल्याची ठोकाठोक कुठून ऐकू येते, भट्टीचा वास कुठल्या वळणापासून लागतो, कारंज्याचा आवाज कुठे बुडतो, सगळं ती मनात साठवत होती. भाजीवालीशी गप्पा मारायची त्याही अशाच, तिचा आवाज ओळखीचा व्हावा म्हणून. दिसतंय तोवर हे गाव अंगात मुरवून घ्यायचं होतं, आणि हातात वेळ किती आहे ते ठाऊक नव्हतं.

आणि गाव दिसायला जितकं गोड, तितकंच तिच्यासारखीला वैरी निघालं. घराघरांपुढे पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या. चहाच्या दुकानाच्या खुर्च्या आज इथे, उद्या तिथे. गल्लीच्या तोंडाशी गाड्या अडवायला रोवलेले गुडघ्याएवढे दगडी खांब. तिच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. हाडांचं काम करणारी बाई. इथून पडलं तर मनगट, तिथून पडलं तर खुबा, असं प्रत्येक पायरीकडे बघून तिच्या मनात यायचं. आपण चुकलो की काय, ही नवीन भीती जुनीच्या शेजारी येऊन बसली.

रुग्णालयात ती दरारा ठेवून होती. "माझी बादली हलवायची नाही," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण एक दिवस नव्या मदतनीस मुलीने फरशी पुसताना बादली सरकवली आणि ताईचा पाय थेट प्लास्टरच्या पाण्यात गेला. खोलीभर हशा झाला. "बघा, आता माझाच पाय प्लास्टरात घालायला घ्या," ताई म्हणाली आणि सगळ्यात जास्त हसली. मग हात धुवायच्या खोलीत जाऊन तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं.

दिवस लहान होत गेले. अंधुक उजेडात तिला जवळजवळ काहीच दिसेनासं झालं होतं, म्हणून ती अंधार पडायच्या आत घर गाठायची. एका संध्याकाळी मोडलेल्या पायांची रांगच लागली आणि तिला निघायला उशीर झाला. पूल तिने लोकांच्या मागोमाग ओलांडला. घरापासून दोन वळणांवर एक लांब कमान होती, वर घरं आणि खालून वाट, बोळासारखी. तिथे एक दिवा असायचा. त्या दिवशी तो गेला होता.

ती आत शिरली आणि जग पुसलं गेलं. मागे वळली तर वळल्याचं कळलं, पण कितपत वळलो ते कळेना. हात पुढे केला, भिंत लागली नाही. एक पाऊल टाकलं आणि आठवलं, इथे मध्ये कुठेतरी गटाराची जाळी खचलेली आहे. शेवटी भिंत सापडली तेव्हा ती तिला पाठ लावून उभी राहिली. माणसं जात होती. कुणी तिला धक्का देऊन "माफ करा" म्हणालं. कुणालाही हाक मारता आली असती. पण हाक मारली की सांगावं लागलं असतं, आणि एकदा सांगितलं की ते खरं होणार होतं. किती वेळ गेला तिला समजलं नाही. अण्णांनी खुर्चीत बसून काय काय गिळलं असेल, ते तिला पहिल्यांदाच नीट कळलं.

मग ओळखीची पावलं आली, धावत, मध्येच अडखळत.

"आई? तू आहेस का इथे?"

"भिंगरी! इकडे ये. हळू ये, जाळी आहे."

भिंगरी चाचपडत आली आणि आईच्या अंगावरच आदळली. "बाबा म्हणाले बघून ये कुठे राहिली. तू अशी काय उभी? अगं, मला तर इथे काहीच दिसत नाहीये."

तिने पोरीचे दोन्ही दंड पकडले. "काहीच? पलीकडे कमानीचं तोंड आहे, ते दिसतं का? माझ्याकडे बघू नकोस, समोर बघ. आणि कडेला? कडेला काय दिसतंय? माझा हात दिसतोय का, हा, हा?"

"आई, दुखतंय! दिवा गेलाय ना. कुणाला दिसणार?"

"तुला घरात कधी लागतं का कपाट? पेला पडतो का हातून?"

"सगळ्यांच्या हातून पडतो! तू अशी काय करतेयस?" भिंगरीचा आवाज रडवेला झाला. "मला भीती वाटतेय."

तेवढ्यात ताईच्या लक्षात आलं, की स्वतःची भीती तिने इतके महिने सांभाळली, पण ही भीती सांभाळता येणार नाही. डॉक्टरीणबाईंना ती 'नाही' म्हणाली होती, आणि ज्या पोरीला तिने नाही म्हटलं ती समोर उभी राहून थरथरत होती.

"तुझा हात दे," ती म्हणाली. "मला इथून बाहेर काढ. मला दिसत नाही, बाळा. दिवा असता तरी फारसं दिसलं नसतं."

घरी येऊन तिने दोघांना सगळं सांगितलं. अण्णांचं, ठिपक्यांचं, गावाच्या हट्टाचं. नवरा आधी तिच्या शेजारी येऊन बसला, तिचा हात हातात घेतला. मग त्याचा हात एकाएकी सैल पडला.

"तो कुंड्यांवाला," तो म्हणाला. "ऊन नव्हतंच ना त्या दिवशी डोळ्यांवर?"

"नव्हतं."

"आणि त्याआधी? तू रोज हिला शाळेत सोडायचीस गाडीने."

तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिने त्याला ओरडताना पाहिलं होतं. असं पाठ करून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मला माहीत नव्हतं रे तेव्हा. मी वेंधळेपणा समजत होते. कळलं त्या दिवसापासून किल्लीला हात लावलेला नाही."

"ते झालं गाडीचं. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला वसाहतीत नेऊन ठेवलं असतंस. जपून."

मागे न वळता तो म्हणाला, "हो. ठेवलं असतं." तो खरं बोलला याचं तिला बरं वाटलं, आणि त्याच वेळी आणखी भीतीही वाटली.

भिंगरी मधल्या दारात उभी होती. "मग मला पण होणार का?"

ताईने आयुष्यभर रडणाऱ्या पोरांना हसवलं होतं. आता तिला एकही विनोद सुचला नाही. "माहीत नाही," ती म्हणाली. "तपासून बघू."

तपासणीच्या दिवसापर्यंत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. नवरा ताईशी कामापुरतं बोलायचा. अजून त्याचा राग उतरला नव्हता. भिंगरी आरशासमोर उभी राहून कानाशी बोटं हलवून बघायची आणि आई आली की केस विंचरल्याचं सोंग करायची. डोळ्यांचा दवाखाना गावातच, बाजाराच्या चौकात होता. तिघं चालत गेली, भिंगरी मधे. आत पोरगी यंत्रासमोर बसली आणि ताई बंद दाराला कान लावून उभी राहिली. कळीची टकटक ऐकू यायची, मध्येच थांबायची, की ताईचा श्वास थांबायचा. पुन्हा टकटक सुरू झाली की नवरा सुस्कारा सोडायचा. मग त्याने तिचा दंड धरला. त्या दिवसांत त्याने तिला पहिल्यांदाच हात लावला होता.

डॉक्टर बाहेर आले. "आज तरी सगळं शाबूत आहे," ते म्हणाले. "पण आजोबांचं आणि आईचं बघता दरवर्षी या. वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत मी हो किंवा नाही म्हणणार नाही."

एवढंच मिळालं त्यांना. 'आज तरी.' नवरा बाकावर बसून लहान मुलासारखा रडला. भिंगरीने विचारलं, "मग आता मी शाळेत जाऊ?" आणि गेलीसुद्धा.

ताईने रुग्णालयात सांगितलं. प्लास्टर कापायची करवत तिच्या हातातून काढून मदतनीस मुलीकडे दिली गेली. ते तिला फार लागलं, पण बरोबरच होतं. हाड बसवून पट्टी घालायचं काम तिच्याकडे राहिलं, त्याला बोटं पुरतात. नवऱ्याने गावातल्या कारभाऱ्यांच्या मागे लागून कमानीत दुसरा दिवा लावून घेतला आणि चहावाल्याशी खुर्च्यांवरून कडाक्याचं भांडण केलं. चहावाल्याने खुर्च्या भिंतीशी सरकवल्या, आठवडाभर. मग पुन्हा पुढे आल्या. आता ताई लांबूनच ओरडते, "खुर्च्या!" आणि तो धावत येऊन उचलतो.

या गोष्टीला काही वर्षं झाली. ताईला आता समोरचं तेवढं दिसतं, तेही पेल्याच्या तोंडाएवढं. हातात काठी आली. पाव ती स्वतः आणते, भाजी स्वतः निवडते, बाजाराच्या चौकात उन्हाला जाऊन बसायचं झालं तर कुणाला विचारत नाही. भिंगरी दुसऱ्या शहरात शिकायला आहे आणि तपासणीला दरवर्षी घरी येते. त्या आठवड्यात घर पुन्हा तसंच गप्प होतं. त्या गप्पपणाला अजून कुणाकडे औषध नाही.

सकाळी ताई पुलावरून एकटी कामाला जाते. वारा असला की खालचं पाणी जवळ आल्यासारखं वाटतं आणि तिचे पाय अडतात. मग ती कठडा धरून थोडी थांबते, मागच्या माणसांना पुढे जाऊ देते, आणि वारा पडायची वाट न बघता चालायला लागते.